वेळ, भावना, कारण, कार्यवाही

दिलीप गजभारे पहिल्यांदा वही घेऊन माझ्या दारात उभे राहिले तो मंगळवार होता, अकरा फेब्रुवारी, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. ही वेळ माझ्या डायरीतली. त्यांच्या वहीत चार बारा आहे. आमच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक आहे आणि चूक कोणाच्या घड्याळाची, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

"मॅडम, तपासून द्या," असे म्हणून त्यांनी वही दोन्ही हातांनी पुढे केली.

आमची इमारत तारनाक्याला आहे. मी पहिल्या मजल्यावर राहते, गजभारे तिसऱ्या. ते रेल्वेत स्टेशनमास्तर होते, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जिन्यात भेटले की "जयभीम मॅडम" म्हणत आणि भिंतीला चिकटून मला वाट देत. मालगाडी बाजूला घेऊन एक्स्प्रेसला वाट द्यावी, तशी. त्यापलीकडे आमचे कधी बोलणे झाले नव्हते. त्यामुळे मी चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच पहिले पान वाचले.

पानावर लाल शाईने चार रकाने आखलेले होते. वर मथळे होते: वेळ, भावना, कारण, कार्यवाही. खाली सुवाच्य, उभ्या अक्षरात लिहिलेले होते:

०६:०५. भावना निरंक. उठलो.
०६:१२. उदास. कारण अज्ञात. कार्यवाही: चहा.
०६:४०. उदासी कायम. दुसरा चहा.
०७:२५. राग. कारण: लिफ्ट बंद. कार्यवाही: जिन्याने उतरलो.
०७:२९. राग समाप्त.

पानाच्या तळाशी त्यांची सही होती आणि तिच्या शेजारी एक मोकळी रेघ. रेघेखाली लिहिले होते, 'तपासणाऱ्याची सही'.

"गजभारे, हे काय आहे?"

"जर्नल," ते म्हणाले. "सुनेनं दिलंय. मनाची आणि आत्म्याची वाढ होते म्हणते. आठ दिवस झाले लिहितोय. वाढ झाली का, ते बघायला कोणी तरी पाहिजे ना? तुमच्याकडे चौसष्ट डायऱ्या आहेत असं वॉचमन सांगत होता."

वॉचमनने सांगितले ते खरे आहे. चौदाव्या वर्षापासून मी रोज डायरी लिहिते, एकही दिवस चुकलेला नाही, आणि सगळ्या डायऱ्या कपाटात सालवार लावलेल्या आहेत. त्यामुळे या इमारतीत माझ्याकडे अध्यात्मातली अधिकारी व्यक्ती म्हणून पाहिले जाते. मी कधी कोणाचा तो गैरसमज दूर केलेला नाही.

मी त्यांना आत बोलावले, बसवले आणि हळूहळू सगळी हकिकत बाहेर आली. हळूहळू म्हणजे प्रश्न विचारून. गजभारे आपणहून काही सांगत नाहीत. विचारले तेवढ्याचे उत्तर देतात आणि थांबतात.

त्यांचे गाव उमरीजवळचे. वडील रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये होते, उन्हातान्हात हातोडा घेऊन मैलोन् मैल चालायचे. मुलाने परीक्षा दिली आणि ज्या रुळांवर बापाने घाम गाळला त्याच रुळांवरच्या स्टेशनात तो टोपी घालून खुर्चीवर बसला. उमरी, धर्माबाद, बासर, परत धर्माबाद. लहान स्टेशने, एकच फलाट, एक लिंबाचे झाड. काम एकच, पण त्यात चुकायची सोय नाही. पुढच्या स्टेशनला विचारायचे, रूळ मोकळा आहे का? त्याने 'लाइन क्लिअर' म्हटले तरच गाडी सोडायची. आपल्यालाही मागच्याने विचारले तर रूळ मोकळा असल्याची स्वतः खात्री करून मगच 'लाइन क्लिअर' द्यायची. आणि हे सगळे मिनिटासकट डायरीत. खोडायचे नाही, रबर लावायचे नाही, आठवून मागाहून भरायचे नाही. चुकले तर एक आडवी रेघ आणि बाजूला सही.

"डायरीत खोटं लिहिणाऱ्याला आमच्याकडे कोणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं," ते म्हणाले. एवढे लांब वाक्य त्या दिवशी त्यांनी ते एकच बोलले.

अशा माणसाशी अलकाबाईंनी अडतीस वर्षे संसार केला.

गेल्या ऑगस्टमध्ये अलकाबाई मुलीच्या, शर्वरीच्या, बाळंतपणाला नांदेडला गेल्या. सप्टेंबरमध्ये नात झाली. बारसे झाले, सव्वा महिना झाला, दिवाळी झाली, संक्रांत झाली, अलकाबाई परत आल्या नाहीत. इमारतीत सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळे "बाळ लहान आहे ना अजून" असे म्हणत होते. शेवटी जानेवारीत मुलाने, मिलिंदने, फोन करून आईला सरळच विचारले. त्या म्हणाल्या, "भिंतीशी बोलून बोलून मला कंटाळा आला. भिंतीला निदान खिळा तरी ठोकता येतो. तुझ्या बाबांच्या मनात काय आहे ते मला एकदा कळू दे, मग बघते."

मिलिंदची बायको श्रुती पुण्याची, एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, याच शहरात माधापूरला राहते. तिने नुकतेच जर्नल लिहिण्याचे शिबिर केले होते. तिच्या दृष्टीने हा प्रश्न दोन मिनिटांत सुटण्यासारखा होता. तिने सासऱ्यांना एक जाड पुठ्ठ्याची वही आणि एक छापील पुस्तिका आणून दिली आणि सासूबाईंना फोन केला, "आई, बाबा तीन महिने मनातलं लिहितील. तुम्ही बुद्धपौर्णिमेला येणारच ना विहारात? तेव्हा वाचा आणि ठरवा." अलकाबाई म्हणाल्या, "लिहू दे. वाचते."

म्हणजे बारा मेपर्यंत मुदत होती. गजभाऱ्यांनी पुस्तिका माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, ती यावी असं मला वाटतं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "हे कुठल्या रकान्यात घालायचं?"

या प्रश्नाला मला उत्तर द्यायला हवे होते. चौसष्ट डायऱ्या माझ्या पाठीशी उभ्या होत्या. मी म्हटले, "रकाने काढून टाका आणि मोकळं लिहा."

मोकळे लिहायचे म्हणजे कसे, ते त्यांना नमुन्यादाखल बघायचे होते. "तुमची एखादी दाखवा. एखादा अवघड दिवस." हे रास्तच होते. मी कपाटातून अकरा वर्षांपूर्वीची डायरी काढली आणि सतरा नोव्हेंबरचे पान उघडून त्यांच्या हातात दिले. त्यांनी मोठ्याने वाचले, "'सकाळी थंडी. दूध उशिरा. अकरा वीसला हे गेले. डॉक्टर वेळेवर आले होते. दुपारी नळाला पाणी नाही.'"

त्यांनी ओळींवरून बोट फिरवले.

"एकदम बराबर आहे, मॅडम," ते म्हणाले. "कुठे काही कमीजास्त नाही."

ते आबिड्सच्या आमच्या कॉन्व्हेंटचे श्रेय. सिस्टर बर्नडेट दर शुक्रवारी आमच्या डायऱ्या गोळा करून लाल शाईने तपासायच्या. कोणी 'मला वाटले' असे लिहिले की त्या खाली रेघ मारून म्हणायच्या, वाटते ते देवाला सांगायचे, घडले ते मला. मी देवाला काय सांगितले ते आता आठवत नाही. घडले ते सगळे कपाटात आहे. पण हे मी गजभाऱ्यांना सांगितले नाही. मी डायरी मिटून कपाटात ठेवली आणि पुस्तिका हातात घेतली.

पुस्तिका निष्ठेने राबवायची असे आम्ही ठरवले. दर मंगळवारी चार वाजता ते वही घेऊन यायचे, मी वाचायची, सही करायची.

पहिल्या प्रकरणात होते, रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा. गजभाऱ्यांनी लिहिले: 'एक, नळाला पाणी आले. दोन, वीज गेली नाही. तीन, निरंक.' दुसऱ्या दिवशी: 'एक, पाणी. दोन, वीज. तीन, कालप्रमाणे.'

दुसऱ्या प्रकरणात आध्यात्मिक प्रगती मोजायची होती. "कशात मोजायची?" त्यांनी विचारले. "किलोमीटरमध्ये?" मी म्हटले, शांतपणे बसा आणि मनाकडे बघा. ते म्हणाले, "ते तर विहारात भंतेजी सांगतात. बघतो मी. मन येतं, मन जातं. पण बघितल्यावर फॉर्म भरायला भंतेजी सांगत नाहीत."

तिसऱ्या प्रकरणात आपल्या आतल्या लहान मुलाला पत्र लिहायचे होते. मला वाटले, इथे गाडी अडणार. पण पत्र त्यांना मुळीच अवघड गेले नाही. पत्रे त्यांनी जन्मभर लिहिली होती.

'प्रति, कुमार दिलीप, वय वर्षे सात, रेल्वे गँगचाळ, उमरी. विषय: विचारपूस. तुझे दप्तर सिमेंटच्या पोत्याचे आहे आणि पाऊस आला की पाटीवरची अक्षरे पुसली जातात, याची नोंद घेण्यात आली आहे. मास्तर तुला दाराजवळ बसवतात, हेही समजले. याबाबत त्या वेळी कार्यवाही होऊ शकली नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. तू दाराजवळ बसून बाहेरच्या गाड्यांचे नंबर लिहून ठेवतोस, ते चालू ठेवावे. पुढे उपयोग होईल. आपला विश्वासू.'

मी ते दोनदा वाचले. मग खाली सही केली. एवढे चांगले पत्र त्या पुस्तिकेच्या छापील नमुन्यांत नव्हते, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. पण तपासणाऱ्याला चूक काढल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटले, "ठीक आहे, गजभारे. पण यात अलकाबाईंसाठी काय आहे? त्यांना भावना हव्यात."

"आहेत ना." त्यांनी पाने उलटून दाखवली. '१९:१५. उदास. कारण: अलका. कार्यवाही: टीव्ही.' '१३:०५. उदास. कारण: अलका. वरणात मीठ नाही.'

एप्रिल उजाडला तशी मला काळजी वाटू लागली. या वहीवर त्या बाई परत येणार नाहीत, याची मला खात्री होती. सिस्टर बर्नडेटच्या हातात दिली असती तर त्यांनी वहीला पैकीच्या पैकी गुण दिले असते, पण अलकाबाई सिस्टर नव्हत्या. तेव्हा मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि स्वतःच कामाला लागले.

"एक स्वच्छ प्रत करू," मी म्हटले. "मजकूर मी सांगते."

"माझ्या वहीत तुम्ही सांगणार?"

"भाषा फक्त माझी. भावना तुमचीच. लिहा, 'तुझ्याविना हा संध्याप्रकाश परका वाटतो.'"

त्यांनी पेन उचलले नाही. "मॅडम, हे मला वाटलं नव्हतं."

"वाटलं असेल. तुमच्या लक्षात आलं नसेल."

"कधी?"

"संध्याकाळी."

"किती वाजता?"

"साडेसहाला!" माझा आवाज जरा चढला. "आणि लिहा, 'रिकाम्या घरात तुझ्या बांगड्यांचा नाद शोधतो.'"

"ती बांगड्या घालत नाही. घड्याळ घालते."

"गजभारे, त्या यायला हव्यात की नको?"

या प्रश्नावर त्यांनी मान खाली घातली आणि लिहायला सुरुवात केली. असे चार मंगळवार चालले. मी सांगत होते, ते लिहीत होते. माझी वाक्ये चांगली होती. इतकी चांगली वाक्ये आपल्याला सुचतात हे मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळले आणि खरे सांगायचे तर मंगळवारची मी वाट पाहू लागले होते. ते मात्र प्रत्येक वेळी जाताना खुर्चीतून उठायच्या आधी माझ्याकडे पाठ करून वहीत बारीक अक्षरात काहीतरी खरडत. तारीख लिहीत असावेत असे मला वाटले.

बारा मेला अलकाबाई आल्या. पांढरी साडी नेसून विहारात गेल्या, खिरीचा डबा मलाही पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिसरा मजला शांत होता. दुपारी तीन पस्तीसला माझी बेल वाजली. दारात अलकाबाई, काखेत दोन्ही वह्या, आणि त्यांच्या मागे दोन पायऱ्या सोडून गजभारे.

"बाई, येऊ का आत? तुमच्याकडेच काम आहे," अलकाबाई म्हणाल्या आणि आल्यासुद्धा. सोफ्यावर बसून त्यांनी स्वच्छ प्रत उघडली. "'तुझ्याविना हा संध्याप्रकाश परका वाटतो.' हे तुमचं ना?"

मी म्हटले, "भावना त्यांची..."

"ह्यांना संध्याप्रकाश म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? सिग्नलचे दिवे लावायची वेळ! आणि हा बांगड्यांचा नाद कुणाच्या बांगड्यांचा, ते विचारलं तर म्हणे, मॅडमना विचार."

"तुम्हाला कसं कळलं पण?" मी विचारले.

त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. प्रत्येक सुंदर परिच्छेदाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, लिहिलेले होते: 'आधार: पहिल्या मजल्यावरील मॅडम, तोंडी सूचना, १६:३०.' आणि सही. चौदा ठिकाणी.

"दुसऱ्याच्या हुकमावरून काही केलं तर हुकूम कुणाचा ते लिहावं लागतं," गजभारे दारातूनच म्हणाले. "नियम आहे."

"चहा ठेवते," मी म्हटले.

"चहा राहू द्या, बसा," अलकाबाई म्हणाल्या. "तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही आमच्या भल्यासाठीच केलं. ही दुसरी वही वाचली मी. सकाळपासून वाचतेय. ह्यांना कधी राग आला, कधी गेला, सगळं आहे. लिफ्टसुद्धा आहे. यात मी कुठं आहे हो?"

"तू आहेस," गजभारे म्हणाले. "'कारण' या रकान्यात. एकशे बारा वेळा."

"ऐका! मी ह्यांचं कारण!" त्या माझ्याकडे वळल्या. "तीन महिने सगळे मिळून ह्यांच्या मनात काय आहे ते खोदताय. सून खोदतेय, तुम्ही खोदताय, आणि मीच सांगितलं होतं खोदा म्हणून, माझीच अक्कल. पण मला काय झालतं, मी का गेले, हे वहीत कुठंतरी एका ओळीत कुणी विचारलंय का?"

पुस्तिकेत तसे प्रकरण नव्हते.

गजभारे आत आले. माझ्या जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले, आपली रकान्यांची वही उघडली, कोरे पान काढले. या वेळी रकाने आखले नाहीत.

"सांग," ते म्हणाले.

"काय? जबाब घेताय माझा?"

"हौ. अपघात झाला की आधी जबाब घेतात."

अलकाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. मग पदर खोचून खुर्चीत नीट बसल्या. "घ्या मग," त्या म्हणाल्या.

त्यांची आई, विठाबाई, शेवटची चार वर्षे त्यांच्याकडेच, तारनाक्याला होती. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नाला म्हणून अलकाबाई दोन दिवस नांदेडला गेल्या. आईची तब्येत बरी होती, जावई घरी होता. लग्नाच्या सकाळी पावणेनऊला फोन आला.

"काय बोललात ते लिहा," अलकाबाई म्हणाल्या. "तुमच्याच शब्दांत. 'आई आठ चाळीसला गेल्या. तुला दहा पन्नासची गाडी मिळेल.' संपला फोन. मी हळदीच्या पाटाजवळ उभी होते, हातात फोन. माणूस पुढं काहीतरी बोलतो. रडतो. रडू नको म्हणतो. मी पाच तास गाडीत बसून आले. घरी आल्यावर डॉक्टर किती वाजता आले ते सांगितलं, सर्टिफिकेट किती वाजता मिळालं ते सांगितलं. बराबर सांगितलं, एक मिनिट इकडचं तिकडं नाही. दोन वर्षं मी वाट बघतेय, आता काही सांगतील, आता सांगतील. आई कशी गेली? काय म्हणाली? माझी आठवण काढली का, की पोरगी टाकून लग्नात जेवायला गेली म्हणून तळमळत गेली? मी विचारलं नाही. का विचारू? तुम्हीच होतात ना तिथं!"

गजभारे लिहीत होते. 'तुम्हीच होतात ना तिथं' इथपर्यंत लिहिले आणि पेन थांबले.

"ते नोंदवलेलं नाही," ते म्हणाले.

"का?"

"खोटं बोललो होतो."

अलकाबाईंनी पुढे विचारले नाही, आणि मला प्रथमच असे दिसले की विचारल्याशिवाय गजभारे बोलत आहेत.

"आठ वाजता आई जाग्या झाल्या. श्वास लागला होता. डॉक्टरला फोन केला, तो निघाला होता. आईंनी पाणी मागितलं, दोन चमचे घेतलं. मग विचारलं, 'अलकी आली का?' तुला मी तोवर फोनसुद्धा केला नव्हता. तू नांदेडला होतीस. मी म्हणालो, 'निघालीय आई. गाडी बासर सोडून पुढं आलीय. लाइन क्लिअर आहे.' त्या म्हणाल्या, 'मग थांबते.'" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पस्तीस मिनिटं थांबल्या. मधे दोनदा विचारलं, कुठवर आली? मी एकदा कामारेड्डी म्हणालो. एकदा म्हणालो, बोलारम. गाडीच नव्हती रुळावर. अडतीस वर्षांत मी कुणाला खोटी लाइन क्लिअर दिली नाही. दिली ती मरणाऱ्या माणसाला. ते कुठं लिहू? तुला काय तोंडानं सांगू?"

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी थांबली होती आणि त्याचा भोंगा "टमाटा, आलू" एवढेच परत परत म्हणत होता.

"बोलारमपर्यंत आणलंत मला?" अलकाबाईंनी शेवटी विचारले.

"हौ."

"म्हणजे ती गेली तेव्हा मी पोचतच आले होते."

"त्यांच्या हिशोबानं, हौ. वीस मिनिटांवर."

अलकाबाईंनी पदराने आधी डोळे पुसले, मग नाक, मग चष्मा. "आणि हे तुम्ही दोन वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलंत. जगातली सगळी खरी टायमं सांगितलीत. एवढं एक खोटं बोललात, ते तेवढं सांगितलं नाही." त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला ठरवता आले नाही. "लिहा ते. सगळं लिहा. बोलारमसकट."

ते लिहू लागले. पाऊण पान झाले. सवयीने त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, तर अलकाबाईंनी मधेच हात घातला. "त्यांना कशाला? आई माझी होती. मी बघते." त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचले आणि वही मिटून काखेत घातली.

मग चहा झाला. चहा पिताना मला श्रुतीचा फोन आला. काल वाचायला दिलेल्या वहीचे काय झाले, हे तिला जाणून घ्यायचे होते. मी म्हटले, झाले काहीतरी. तिने आनंदाने विचारले, "बघा काकू, मी म्हणत नव्हते? जर्नलिंगनं होतंच! तुम्ही छान गाइड केलंत त्यांना." मी हो म्हटले. तीन महिन्यांच्या कामाचे श्रेय कोणीतरी देते आहे, तर नाही कशाला म्हणायचे.

अलकाबाईंचे दुसऱ्या दिवशीचे नांदेडचे तिकीट होते. निघताना दारात चपला घालत असताना गजभाऱ्यांनी विचारले, "उद्याचं रद्द करू का?"

"नको. शर्वरी कामावर जाते, बाळाला कोण बघणार? जूनमध्ये पाळणाघरात जागा मिळतेय, ती बसली की येते. पंधरा तारखेला." त्या दोन पायऱ्या चढल्या आणि मागे वळल्या. "तिकीट तुम्हीच काढून पाठवा. नांदेडहून इकडचं. परतीचं काढू नका."

गजभारे तिथेच उभे राहिले. खिशातून छोटी वही काढली, पेनाचे टोपण काढले, ते खाली पडले, ते त्यांनी उचललेही नाही.

"खालचा बर्थ काढू ना?" त्यांनी विचारले. "रात्री तुला वर चढायला त्रास होईल."

अलकाबाई कठड्याला धरून हसायला लागल्या. "अहो, दिवसाची गाडी आहे ती! खुर्च्या आहेत तिला. आयुष्यभर तुमच्या समोरून गेली."

अडतीस वर्षांत न झालेली चूक त्यांनी माझ्या दारात केली. ती त्यांनी वेळेसकट लिहून ठेवली की नाही, ते मला सांगता येणार नाही. वही आता माझ्याकडे तपासायला येत नाही.